आलटून-पालटून कर्बोदके: वजन उतरवण्यासाठी आठवड्याचा आहार कसा आखावा

कार्ब सायकलिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आहारपद्धतीत आठवड्यातले काही दिवस भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा असे कर्बोदकांचे पदार्थ बरेच कमी खायचे असतात, काही दिवस ते मोकळेपणाने खायचे असतात आणि उरलेले दिवस मधल्या प्रमाणावर काढायचे असतात. मराठी घरात ही पद्धत चांगली बसते. आपल्या ताटात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि मध्ये भाकरी, पोळी किंवा भात अशी मांडणी असते. डावी-उजवी बाजू सगळ्या घरासाठी एकच शिजवून केवळ मधला भाग दिवसागणिक कमी-जास्त करता येतो, त्यामुळे एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करण्याचा भार कोणावर पडत नाही. घरात वेगळी चूल मांडावी लागणारा आहार फार दिवस टिकत नाही, म्हणून ही सोय मला किरकोळ वाटत नाही.

मात्र या पद्धतीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. वजन उतरते ते आठवड्याच्या एकूण उष्मांकांत, म्हणजे कॅलरींत, तूट पडल्यामुळे. कमी-जास्त दिवसांची पाळी ही ती तूट सोसण्याजोगी करण्याची युक्ती आहे. कर्बोदके आलटून-पालटून खाल्ल्याने चयापचय ‘जागा होतो’ किंवा चरबी आपोआप वितळते, असे दावे सर्रास केले जातात. त्यांना भक्कम आधार नाही. जास्त कर्बोदके खाल्ल्यावर भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची पातळी थोडा काळ वाढते हे खरे, पण त्यामुळे पुढचे वजन अधिक वेगाने उतरते असे सिद्ध झालेले नाही.

पद्धतीमागचे शास्त्र

आपण खाल्लेल्या कर्बोदकांपैकी काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात साठवला जातो. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम एवढी त्याची कोठारे असतात. स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन या संशोधकांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच पायाने सायकल मारून तो पाय पुरता थकवायचा आणि नंतरचे काही दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घ्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. थकवलेल्या पायाच्या स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा विश्रांती घेतलेल्या पायापेक्षा सुमारे दुपटीने वाढला. याचा आपल्यासाठी अर्थ असा की जादा खाल्लेला भात कुठे जाईल, हे बऱ्याच अंशी स्नायूंनी आधी काम केले आहे की नाही यावर ठरते. जास्त कर्बोदकांचा दिवस कष्टाच्या व्यायामाच्या दिवशीच ठेवावा, या नियमाचे मूळ येथे आहे.

वजन घटवण्यासाठी नेमक्या याच पद्धतीचे मोठे आणि दीर्घ मुदतीचे प्रयोग फारसे झालेले नाहीत, पण जवळचे पुरावे उपलब्ध आहेत. मँचेस्टरच्या मिशेल हार्वी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११५ जादा वजनाच्या स्त्रियांपैकी काहींनी आठवड्यातले केवळ दोन दिवस कर्बोदके ४० ग्रॅमपर्यंत खाली आणली आणि उरलेले पाच दिवस साधा समतोल आहार घेतला. रोज थोडे थोडे कमी खाणाऱ्या गटाच्या तुलनेत या स्त्रियांची शरीरातील चरबी आणि इन्शुलिनला होणारा विरोध अधिक कमी झाला. दुसरीकडे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला गेला. पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले, म्हणजे फरक नगण्य होता. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर कर्बोदकांवर मधूनमधून लगाम घालणे उपयोगी आहे, पण तेच एकमेव दार नाही, असे म्हणता येते. ज्यांना रोज एकसारखे कमी खाण्याचा कंटाळा येतो आणि जे आठवड्यातून दोन-तीनदा नेटाने व्यायाम करतात, त्यांना ही पद्धत विशेष मानवते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के होते. भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही चरबी बाळगून असते आणि स्नायू मात्र कमी असतात, ही गोष्ट त्या एका चित्राने ठसवली. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जादा आणि २५ च्या वर गेला की स्थूलता मानली जाते, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. वजन उतरवताना आधीच कमी असलेले स्नायू गमावणे आपल्याला परवडणारे नाही. या संपूर्ण पद्धतीत प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांना मी कर्बोदकांच्या आकड्यांपेक्षाही वरचे स्थान देतो, ते यासाठी.

आधी वैद्यकीय सल्ला कोणी घ्यावा

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता एकही कमी कर्बोदकांचा दिवस पाळू नये, कारण औषधाची मात्रा तीच राहून भात-पोळी कमी झाली की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना तर कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्यामुळे तो चटकन लक्षात येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने स्वतःहून वाढवू नयेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत घरी रक्तदाब मोजत राहावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, अठरा वर्षांखालील मुलांनी आणि खाण्याबद्दल सतत अपराधी वाटण्याचा किंवा भसाभसा खाऊन नंतर उपाशी राहण्याचा त्रास कधीही झालेल्या व्यक्तींनी ही पद्धत अवलंबू नये. कमी-जास्त दिवसांची पाळी त्या त्रासाला खतपाणी घालते.

आठवड्याचा हिशेब

सुरुवात स्वतःच्या शरीराच्या रोजच्या कॅलरी-खर्चापासून करावी. मिफ्लिन–सेंट जिओर या सूत्रानुसार किलोतील वजनाला १० ने, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने आणि वयाला ५ ने गुणावे. पहिल्या दोन आकड्यांच्या बेरजेतून तिसरा वजा करावा आणि मग पुरुषांनी त्यात ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत. समजा, ३८ वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची आणि ६८ किलो वजनाची स्त्री आहे. तिचा विश्रांतीचा खर्च १,३२९ कॅलरी येतो. बैठे काम आणि आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम असेल तर त्याला १.४ ने गुणून रोजचा एकूण खर्च सुमारे १,८६० कॅलरी धरता येतो. हा अंदाज आहे. स्नायू कमी असतील तर प्रत्यक्ष खर्च याहून थोडा कमी असण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

यातून रोज सरासरी ४०० कॅलरींची तूट ठेवायची असेल तर दिवसाला साधारण १,४५०, म्हणजे आठवड्याला १०,१५० कॅलरी हाती उरतात. महिन्याच्या पगारातून काही दिवस हात आखडून आणि काही दिवस सैल सोडून घरखर्च भागवावा, तशी ही रक्कम सात दिवसांत वाटायची असते. आपल्या उदाहरणातील स्त्रीने तीन दिवस १,२५०, दोन दिवस १,४५० आणि दोन दिवस १,७५० कॅलरी घेतल्या तर बेरीज बरोबर १०,१५० होते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या जातात, त्यामुळे कागदावर आठवड्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम चरबी उतरायला हवी. ही गती मंद वाटेल, परंतु स्नायू सांभाळून उतरणारे वजन याच चालीने उतरते.

आता प्रथिने ठरवावीत आणि ती सातही दिवस तीच ठेवावीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. वजन उतरवत असताना ती १.२ ग्रॅमपर्यंत न्यावीत. ६८ किलोला हा आकडा सुमारे ८२ ग्रॅम येतो. कर्बोदके कमी दिवशी ८०, मधल्या दिवशी १५० आणि जास्त दिवशी २५० ग्रॅम ठेवली, तर उरलेल्या कॅलरींत स्निग्ध पदार्थांना अनुक्रमे ६७, ५८ आणि ४७ ग्रॅम एवढी जागा मिळते. कर्बोदके वाढतात त्या दिवशी तेल-तूप घटते, ही उलटी चाल डोक्यात पक्की बसली पाहिजे. पद्धत फसते ती बहुधा येथेच. आठवड्याची सरासरी काढली तर कर्बोदके रोज सुमारे १५० ग्रॅम पडतात, म्हणजे हा कर्बोदके जवळपास वगळणारा केटो आहार नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे आढळले आहे; या आखणीत तो वाटा ४१ टक्क्यांच्या जवळ येतो.

काटा, पीठ आणि वाटी

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा या कामी अत्यावश्यक आहे, निदान पहिले तीन आठवडे. भाकरीचे पीठ परातीत घेण्यापूर्वी काट्यावर मोजावे. एका हाताची भाकरी ४० ग्रॅम पिठाची असते तर दुसऱ्या हाताची ८० ग्रॅमची, आणि दोघीही तिला ‘एक भाकरी’च म्हणतात. पोळीचेही तसेच आहे. कणीक मळून गोळे करताना एक गोळा तोलून पाहिला आणि ३० ग्रॅम कोरड्या पिठाला साधारण किती वजनाचा गोळा होतो हे एकदा ठरवले की पुढे नजर तयार होते. वाटीसाठी घरातली नेहमीची एक वाटी निश्चित करून तिच्यात किती मिलिलिटर पाणी मावते ते पाहून ठेवावे. खाली दिलेल्या वाट्या १५० मिलिलिटरच्या आहेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम तांदळात ७८, ज्वारीत ६८, नाचणीत ६७, गव्हाच्या पिठात ६४ आणि बाजरीत ६२ ग्रॅम कर्बोदके असतात. हे आकडे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत, कारण ज्वारी-नाचणीची भाकरी म्हणजे कमी कर्बोदकांचे जेवण, असा समज घरोघरी पसरलेला आहे. पिठामागे पीठ पाहिले तर ज्वारीत गव्हापेक्षा कर्बोदके किंचित जास्तच आहेत. भाकरीचा गुण असा की ती तेलाशिवाय होते, तिच्यात पांढऱ्या तांदळाच्या तुलनेत तंतुमय पदार्थ कितीतरी अधिक असतात आणि ती पोटात टिकते. म्हणून जास्त कर्बोदकांच्या दिवशी भाकरी अवश्य खावी. कमी दिवशी मात्र तिची गणना इतर धान्यांबरोबरच करावी.

रोजच्या हिशेबासाठी एवढे आकडे पुरेत. ३० ग्रॅम पिठाच्या फुलक्यात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके, ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४०, वाटीभर भातात ३० ते ३५, वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत १६-१७, ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या बशीत ४६, मध्यम केळ्यात २५ आणि चमचाभर साखरेत ४ ते ५. मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, दुधी, दोडका, वांगी, काकडी या भाज्यांच्या वाटीत ४ ते ८ ग्रॅमच्या पलीकडे काही नसते, त्यामुळे त्या तिन्ही प्रकारच्या दिवशी पोटभर खाव्यात. बटाटा, रताळे, सुरण, मका आणि हिरवा वाटाणा यांची जागा मात्र भाजीच्या नव्हे, भाताच्या रकान्यात आहे.

दिवस कसे लावावेत

ताकदीच्या व्यायामाचे दोन दिवस प्रथम ठरवावेत, आणि तेच जास्त कर्बोदकांचे दिवस. मंगळवार आणि शुक्रवार धरले तर सोमवार, बुधवार आणि शनिवार कमी, गुरुवार आणि रविवार मध्यम, अशी मांडणी होते. दोन कमी दिवस लागून आले तरी चालते, तीन मात्र येऊ देऊ नयेत. त्यानंतर येणारा जास्त कर्बोदकांचा दिवस हाताबाहेर जाण्याची शक्यता फार वाढते. व्यायाम संध्याकाळी असेल तर त्या दिवसाचा भात रात्रीच्या जेवणात घ्यावा. पहाटे असेल तर न्याहारी आणि दुपारचे जेवण भरघोस असावे. जिममध्ये जाणे शक्य नसेल त्यांनी घरी उठाबशा, भिंतीला किंवा जमिनीला टेकून जोर, पाण्याने भरलेले कॅन उचलणे आणि जिने चढणे यांतून चाळीस मिनिटांचा व्यायाम बांधावा. नुसते रमतगमत चालणे आरोग्याला उत्तम आहे, पण त्याने जास्त कर्बोदकांचा दिवस ‘कमावला’ असे समजू नये.

कमी कर्बोदकांचा दिवस

सकाळी तीन अंड्यांचे कांदा-टोमॅटो घातलेले ऑम्लेट आणि बिनसाखरेचा दुधाचा चहा. दुपारी एक फुलका, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही. संध्याकाळी मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. रात्री १५० ग्रॅम बांगडा, सुरमई किंवा चिकन बेताच्या तेलात आणि सोबत दुधी किंवा फ्लॉवरची मोठी वाटी. या दिवसाची बेरीज ८० ग्रॅम कर्बोदके, ८० ग्रॅम प्रथिने आणि साधारण १,२५० ते १,३०० कॅलरींच्या आसपास येते. रस्सा घट्ट करायला कणीक किंवा बटाटा न घालता थोडे वाटलेले सुके खोबरे वापरले की कर्बोदके न वाढता चव राखता येते. खोबऱ्यातले तेल मात्र स्निग्ध पदार्थांच्या हिशेबात धरावे.

शाकाहारी वाचकांसाठी खरी कसोटी हीच आहे. डाळी आणि कडधान्यांतून प्रथिने मिळतात, पण त्यांच्यासोबत दुप्पट किंवा त्याहून जास्त कर्बोदके येतात, त्यामुळे केवळ वरण-उसळीच्या जोरावर कमी दिवस साधत नाही. सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीच्या पिठाचे धिरडे आणि ५० ग्रॅम पनीर, दुपारी फुलका वगळून उसळ, भाजी आणि दही, संध्याकाळी शेंगदाणे आणि रात्री ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी, असे केल्यास प्रथिने ७० ग्रॅमच्या आसपास जातात, कारण एकट्या सोयाबीन वड्यांतून सुमारे २६ ग्रॅम मिळतात. शाकाहारी माणसाने कमी दिवसाची मर्यादा ८० ऐवजी १०० ग्रॅम ठेवली तरी काही बिघडत नाही. प्रथिने सोडून ८० चा आकडा गाठण्यापेक्षा तेच श्रेयस्कर आहे.

पहिल्या आठवड्यात या दिवशी दुपारनंतर डोके जड होते, कोणाला चिडचिड होते. ग्लायकोजेन खर्च होताना त्याच्याबरोबर पाणी आणि मीठही शरीराबाहेर जाते, हे त्याचे एक मुख्य कारण आहे. दोन ग्लास पातळ ताक चिमूटभर मीठ आणि जिरे घालून घेतले किंवा टोमॅटोचे अथवा आमसुलाचे बिनसाखरेचे सार प्यायले की बरेच हलके वाटते. मीठ कमी खाण्याचा वैद्यकीय सल्ला असलेल्यांनी मात्र हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. घाम फुटणे, हातपाय थरथरणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साधी चिडचिड नव्हे. तसे झाल्यास तो दिवस तिथेच सोडून ताबडतोब काहीतरी गोड खावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

जास्त कर्बोदकांचा दिवस

हा दिवस सुटीचा नसतो आणि बक्षिसाचाही नसतो. सकाळी एका चमचा तेलातली पोह्यांची बशी, एक केळे आणि दोन उकडलेली अंडी. दुपारी दोन फुलके, वाटीभर भात, वरण, भाजी आणि ताक. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे. रात्री ज्वारीची एक भाकरी, उसळ, कोशिंबीर आणि १०० ग्रॅम मासे. यातून कर्बोदके २५० ते २६० ग्रॅम होतात. अंडी-मासे न खाणाऱ्यांनी त्यांच्या जागी साय काढलेल्या दुधाचे दही आणि थोड्या सोयाबीन वड्या घ्याव्यात, कारण पोहे, भात आणि वरण एवढ्यावर प्रथिने पन्नाशीच्या पुढे जात नाहीत.

वडापाव, मिसळीवरची तर्री, बटाट्याची भजी, पुरी-श्रीखंड हे पदार्थ कर्बोदकांचे म्हणून या दिवशी चालतील, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो टिकत नाही, कारण त्यांत कर्बोदकांबरोबर तेल-तूपही भरपूर असते. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. चमचाभर तेलाच्या ४५ कॅलरी होतात, आणि फोडणीच्या कढईत बाटली तिरकी करून ओतलेले तेल चमचाभर क्वचितच असते. महिन्याभराचे तेल एका वेगळ्या बरणीत मोजून ठेवणे हा यावर सर्वांत कमी त्रासाचा उपाय आहे. घरातल्या माणसांच्या संख्येने भागले की प्रत्येकाच्या वाट्याला किती आले ते समजते.

मधल्या दिवसाबद्दल फार सांगण्याजोगे काही नाही. दुपारी दोन फुलके किंवा एक भाकरी, रात्री एक फुलका किंवा अर्धी वाटी भात, वरण एकवेळ, एक फळ आणि प्रथिने नेहमीप्रमाणे.

उपवास आणि सणवार

महाराष्ट्रातला उपवास म्हणजे कमी खाण्याचा दिवस असे नावावरून वाटले तरी ताटात येतात साबुदाणा, वरी, बटाटा, रताळे आणि राजगिऱ्याचा लाडू. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात आणि प्रथिने जवळपास नसतातच. खिचडीत दाण्याचे कूट आणि तूप सढळ हाताने पडते. त्यामुळे एकादशी आणि चतुर्थी या तिथी कमी दिवसावर कधीही बसवू नयेत. पंचांग पाहून त्या आठवड्यातला जास्त कर्बोदकांचा दिवस उपवासाच्या तिथीवर सरकवावा, व्यायामही त्याच दिवशी करावा आणि खिचडी एका चमचा तुपात करून सोबत वाटीभर दही किंवा दूध ठेवावे. संकष्टीला चंद्रोदयानंतर पूर्ण जेवण होते, तेव्हा दिवसभर फराळ आणि रात्री मोदकांसह भरगच्च ताट असे दोन्ही धरले तर तो दिवस १,७५० कॅलरींत राहत नाही. दुपारचा फराळ ताक, दूध आणि शेंगदाण्यांवर भागवणे बरे. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असेल, तर त्या काळात ही पद्धत थांबवून वजन आहे तेथे राखण्यावर समाधान मानावे.

गणपती, दिवाळी किंवा घरचे लग्न यांसाठीही हेच तत्त्व लावावे. नातेवाइकांच्या पंगतीत ताटातला भात बाजूला सारत बसणे यजमानाला क्लेशदायक होते आणि आपल्यालाही. दोन-तीन दिवस हिशेब न ठेवता, पण भुकेपुरतेच खाऊन चौथ्या दिवशी नेहमीच्या क्रमातल्या दिवसावर यावे. चुकलेली तूट भरून काढण्यासाठी लागोपाठ कमी दिवस लावण्याचा मोह टाळावा.

वजन कसे वाचावे

या पद्धतीत काट्यावरचा आकडा दिवसागणिक वरखाली होणारच, आणि त्याचा अर्थ माहीत नसल्यामुळे अनेकांचा धीर सुटतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीरात सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. जास्त कर्बोदकांच्या दिवशी दीडशे ग्रॅम ग्लायकोजेन भरले गेले, तर पाण्यासह ६०० ग्रॅम वजन दुसऱ्या सकाळी दिसते, आणि पोटातल्या अन्नाचे व खारट पदार्थांमुळे धरून ठेवलेल्या पाण्याचे वजन त्यात मिळून किलोभर वाढ सहज भरते. ती चरबी नव्हे. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेले दीड-दोन किलोही बहुतांश पाणीच असते, म्हणून त्या आकड्यावर पुढच्या अपेक्षा बांधू नयेत.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्यापूर्वी वजन करावे, वहीत लिहावे आणि सात दिवसांची सरासरी काढून केवळ सरासरीची मागच्या सरासरीशी तुलना करावी. ज्यांना रोजचा आकडा अस्वस्थ करतो त्यांनी आठवड्यातून एकदा, कमी दिवसानंतरच्या सकाळी वजन करावे. मात्र तो वार बदलू नये. स्त्रियांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी धरल्यामुळे वजन वाढलेले दिसते आणि भूकही अधिक लागते. त्या आठवड्यात एक कमी दिवस काढून त्या जागी मधला दिवस ठेवावा आणि वजनाची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. पंधरा दिवसांनी एकदा कंबर मोजावी: सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप त्वचेत न रुतवता.

चार आठवड्यांत सरासरीही हलली नाही आणि कंबरही, तर कमी दिवस आणखी कमी करण्याऐवजी आधी जास्त कर्बोदकांच्या दिवसाकडे पाहावे. तेलाची बरणी, दुधाच्या चहाचे कप, त्यांतली साखर आणि येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा-फरसाण यांचा तीन दिवस प्रामाणिक हिशेब लिहिला की अडलेली जागा बहुधा तेथेच सापडते. ते सर्व ठीक असेल तर जास्त दिवसातून एक वाटी भात आणि एक फुलका कमी करावा. याउलट वजन आठवड्याला किलोहून अधिक वेगाने उतरत राहिले, व्यायामातली ताकद घटू लागली, झोप बिघडली किंवा केस गळू लागले, तर एक कमी दिवस लगेच मधला करावा. पाळी चुकू लागली तर पद्धत थांबवून डॉक्टरांना भेटावे.

दहा-बारा आठवड्यांनंतर, वजन हवे तेवढे उतरलेले असो वा नसो, महिनाभर विराम घ्यावा. पहिल्या आठवड्यात एक कमी दिवस मधला करावा, दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. प्रथिने, व्यायाम आणि तेलाची बरणी आहे तशीच राहू द्यावी. पुढच्या दोन आठवड्यांत सरासरी वजन स्थिर राहिले तर ते आपले टिकवण्याचे प्रमाण समजावे. अजून वजन उतरवायचे असेल तर नवीन वजनावर वरचा हिशेब पुन्हा मांडावा, कारण ६८ किलोच्या शरीरासाठी काढलेल्या १,४५० कॅलरी ६३ किलोच्या शरीराला तेवढी तूट देत नाहीत. विरामाच्या महिन्यात उरलेला एकमेव कमी दिवस सोमवारी ठेवावा; रविवारचे मटण, पाहुणे आणि सुटीचे जेवण यांच्यानंतर तो पाळणे सोपे जाते, आणि मंगळवारच्या व्यायामाला भात-भाकरीची वाट मोकळी राहते.